परोपजीवी माश्यांची छायाचित्रांवरून ओळख

परोपजीवी माश्या म्हणजे द्विपंखी (डिप्टेरा) गणातील अशा माश्या, की ज्यांची वाढ काही काळ तरी दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात किंवा शरीरावर होते. यांपैकी टॅकिनिडी हे कुळ सर्वांत मोठे व शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. शेतात, माळावर किंवा रेशीम कीटक संगोपनगृहात घेतलेल्या छायाचित्रांवरून या माश्यांचे कूळ बहुतेक वेळा ओळखता येते. जाती मात्र क्वचितच ठरवता येते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत या ओळखीला दुहेरी महत्त्व आहे. ऊस, मका, तूर व हरभरा या पिकांवरील अळ्यांचा नाश करणाऱ्या टॅकिनिड माश्या शेतकऱ्याच्या मित्र ठरतात. तुतीच्या पाल्यावर रेशीम कीटक पोसणाऱ्या शेतकऱ्याला याच कुळातील उझी माशी कोषांचे पीक गमावायला लावते. दोन्ही माश्या करड्या रंगाच्या, केसाळ आणि घरमाशीसारख्या दिसतात. ओळख चुकली, तर एका शेतात मित्रकीटक फवारणीत मारले जातात आणि दुसऱ्या ठिकाणी शत्रूला मोकळीक मिळते.

संज्ञा

मराठी कृषी साहित्यात ‘परजीवी’ आणि ‘परोपजीवी’ हे दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात. जीवशास्त्रात मात्र दोन प्रकार वेगळे मानले जातात. पहिल्या प्रकारातील जीव यजमानाच्या जिवावर जगतो, पण सहसा त्याला मारत नाही. गुरांना चिकटणारी चपटी माशी याचे उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात माशीची अळी यजमानाच्या शरीरात वाढते आणि वाढ पूर्ण होईपर्यंत यजमानाचा मृत्यू बहुधा अटळ असतो. टॅकिनिड माश्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. अशा कीटकाची अळी एकाच यजमानावर पोसली जाते. परभक्षी कीटक अनेक भक्ष्ये खातो, हा त्या दोहोंतील फरक आहे.

‘टॅकिना’ हे नाव ‘वेगवान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. ‘उझी’ हा शब्द जपानी असून त्या भाषेत ‘उजी’ म्हणजे माशीची अळी. जपानमध्ये रेशीम कीटकांवर पडणाऱ्या माशीला हे नाव होते. पुढे भारतात त्याच कुळातील वेगळ्या माशीला ते रूढ झाले.

वर्गीकरण

टॅकिनिडी कुळात सुमारे ८,५०० जातींचे वर्णन झालेले आहे. द्विपंखी गणातील मोठ्या कुळांत त्याची गणना होते. कुळाचे चार उपकुळांत विभाजन केले जाते.

• एक्झोरिस्टिनी : पतंग व फुलपाखरांच्या अळ्यांवर उपजीविका करणाऱ्या असंख्य जाती. उझी माशी याच उपकुळातील आहे.
• टॅकिनिनी : मुख्यतः पतंगांच्या अळ्यांवर. अनेक जाती मोठ्या व काटेरी केसांच्या असतात.
• डेक्सिनी : भुंगेरे व पतंग यांच्या अळ्यांवर. अनेक जातींचे पाय लांब असतात.
• फॅसिनी : प्रौढ व अर्धवट वाढलेल्या ढेकूणवर्गीय कीटकांवर. पुष्कळ जातींच्या उदरावर राठ केस विरळ असतात, त्यामुळे त्या टॅकिनिड वाटतच नाहीत.

पौर्वात्य प्रदेशातील टॅकिनिड माश्यांचा आधारभूत आढावा आर. डब्ल्यू. क्रॉस्की यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय उपखंडातील माश्यांच्या नावांची तपासणी करताना तो अजूनही पाहावा लागतो.

ओळखीच्या खुणा

छायाचित्र पाहताना पुढील खुणा क्रमाने तपासल्या जातात.

१. पंखांची जोडी : माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी गदेच्या आकाराचे दोन लहान संतोलक असतात. गांधीलमाशी व इतर परोपजीवी गांधिलांना पंखांच्या दोन जोड्या असतात.

२. उदरावरील राठ केस : बहुतेक टॅकिनिड माश्यांच्या उदरावर, विशेषतः शेवटच्या खंडांवर, जाड व उभे काळे केस असतात. पाठीमागून प्रकाश असलेल्या छायाचित्रात ते स्पष्ट उठून दिसतात.

३. ढालिकेखालील उंचवटा : वक्षाच्या मागच्या टोकाला ढालीसारखी लहान पट्टी असते, तिला ढालिका म्हणतात. टॅकिनिड माशीत ढालिकेच्या लगेच खाली उशीसारखा ठळक उंचवटा असतो. ही या कुळाची सर्वांत भरवशाची खूण आहे. ती वरून दिसत नाही, फक्त बाजूने घेतलेल्या छायाचित्रात दिसते.

४. पंखातील शीर : पंखाच्या मधल्या भागातील एक प्रमुख शीर टोकाजवळ पुढच्या कडेकडे एकदम वळते. मांसमाशी व निळ्या-हिरव्या माश्यांतही हे वळण असते. त्यामुळे केवळ या एका खुणेवरून निर्णय करता येत नाही.

५. शृंगिकेवरील केस : शृंगिकेच्या शेवटच्या भागावर एक बारीक केस असतो. बहुसंख्य टॅकिनिड माश्यांत तो उघडा असतो. घरमाशी व निळ्या-हिरव्या माश्यांत तो पिसासारखा असतो.

६. वक्षावरील पट्टे : उझी माशीच्या वक्षावर चार काळे उभे पट्टे असतात. घरमाशीच्या वक्षावरही चारच पट्टे असतात, तर मांसमाशीच्या वक्षावर तीन. म्हणून पट्टे मोजणे उपयोगी असले तरी पुरेसे नाही.

जीवनक्रम

प्रौढ टॅकिनिड माशी फुलांतील मधुरस आणि मावा, तुडतुडे यांनी सोडलेला गोड चिकट द्रव यांवर जगते. बडीशेप, कोथिंबीर व गाजर यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यांवर ती वारंवार येते, कारण तेथील मधुरस उघडा असतो आणि तिच्या आखूड सोंडेला तो सहज मिळतो.

अंडी घालण्याच्या तीन मुख्य रीती आहेत आणि त्यांतील प्रत्येक रीत छायाचित्रात वेगळा पुरावा ठेवते.

पहिल्या रीतीत मादी पांढरी, एका बाजूने चपटी व टाचणीच्या टोकाएवढी अंडी थेट अळीच्या कातडीवर चिकटवते. एक्झोरिस्टा या प्रजातीत असे घडते. अळीच्या डोक्यामागे किंवा पाठीवर अशी अंडी दिसली, की ती अळी परोपजीवीग्रस्त होण्याच्या मार्गावर आहे असे समजतात. मात्र अंडे फुटण्यापूर्वीच अळीने कात टाकली, तर अंडे कातेबरोबर गळून पडते आणि अळी वाचते.

दुसऱ्या रीतीत अतिसूक्ष्म अंडी पानांवर घातली जातात. पान खाताना अळी ती गिळते आणि अंडी तिच्या आतड्यात फुटतात. या रीतीचा अळीच्या अंगावर कोणताही बाह्य पुरावा राहत नाही.

तिसऱ्या रीतीत मादी जिवंत अळ्या सोडते. या अळ्या स्वतः सरपटत यजमानाचा शोध घेतात. खोडाच्या आत दडलेल्या किडीपर्यंत पोहोचण्याची ही युक्ती आहे.

यजमानाच्या शरीरात गेल्यावर माशीची अळी बहुधा त्याच्या कातडीला किंवा श्वासनलिकेला छिद्र पाडून हवा घेते. त्या ठिकाणी कातडी काळवंडते. पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडून माती, भेग किंवा पालापाचोळ्यात कोषावस्थेत जाते. काही जाती यजमानाच्या पोकळ अवशेषातच कोष करतात. माशीचा कोष तपकिरी, गुळगुळीत व लहानशा पिंपासारखा असतो. त्याची दोन्ही टोके गोलसर असतात. पतंगाचा कोष एका टोकाला निमुळता असतो आणि त्यावर पंखांचे व पायांचे ठसे दिसतात.

सारख्या दिसणाऱ्या माश्या

मांसमाशी (सार्कोफॅजिडी) : करडे वक्ष, त्यावर तीन काळे पट्टे, तांबडे डोळे आणि पाहण्याचा कोन बदलला की उजेड-सावली बदलणारी उदरावरची चौकटींची नक्षी. ढालिकेखालचा उंचवटा ठळक नसतो. मेलेल्या अळीतून मांसमाशी बाहेर पडली, म्हणून तिनेच अळी मारली असे ठरत नाही. पुष्कळ मांसमाश्या मृत शरीरावर नंतर येतात.

निळ्या-हिरव्या माश्या (कॅलिफोरिडी) : अंगाला धातूसारखी चमक. याच गटात पूर्वी समाविष्ट केल्या गेलेल्या स्टोमोऱ्हायना प्रजातीच्या माश्या फुलांवर नेहमी दिसतात. त्यांच्या डोळ्यांवर आडवे पट्टे असतात.

पुष्पमाशी (सिर्फिडी) : हवेत एका जागी स्थिर राहते. अंगावर बहुधा पिवळे-काळे पट्टे असतात आणि राठ केस नसतात. हिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात, म्हणजे त्या परभक्षी आहेत. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी माव्याचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्या माव्यावर जगणाऱ्या मित्रकीटकांत पुष्पमाशीच्या अळ्याही होत्या.

केसाळ मधमाशीसारखी माशी (बॉम्बिलिडी) : अंग लवदार, पंखांवर बहुधा तपकिरी नक्षी, काही जातींची सोंड लांब. बसताना पंख दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. अनेक जातींच्या अळ्या मातीत बिळे करणाऱ्या एकांड्या मधमाश्या व गांधिलांच्या पिलांवर वाढतात.

कोनोपिडी : बारीक कंबर व मोठे डोके यांमुळे गांधिलासारखी दिसते. मादी उडत्या मधमाशीला किंवा गांधिलाला गाठून तिच्या उदरात अंडे घालते.

पिपुनक्युलिडी : अगदी लहान काळी माशी. डोके जवळजवळ पूर्णपणे डोळ्यांनीच व्यापलेले असते. अळ्या तुडतुड्यांच्या शरीरात वाढतात. पाटण, जावळी व शिराळा तालुक्यांच्या पश्चिम भागातील भातखाचरांत तुडतुडे असतात तेथे ही माशी शोधण्याजोगी आहे.

छायाचित्र घेण्याची पद्धत

एका छायाचित्रावरून ओळख पटणे दुर्मीळ असते. अभ्यासक सामान्यतः एकाच माशीची चार छायाचित्रे मागतात : वरून, बाजूने, समोरून चेहऱ्याचे आणि पसरलेल्या पंखाचे. यांतील बाजूचे छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे, कारण ढालिकेखालचा उंचवटा त्यातच दिसतो. सकाळी गारवा असताना माश्या मंद असतात आणि जवळून छायाचित्र घेता येते. भ्रमणध्वनीला लावण्याचे साधे सूक्ष्मदर्शी भिंगही या कामाला चालते.

छायाचित्रासोबत तारीख, गाव, पीक किंवा वनस्पती, माशीची अंदाजे लांबी आणि शक्य असल्यास यजमान कीटक यांची नोंद ठेवावी लागते. यजमान माहीत असेल, तर शक्यता झपाट्याने कमी होतात. लांबीसाठी शेजारी मोजपट्टी ठेवलेले एक छायाचित्र पुरेसे असते.

सर्वांत उपयुक्त पुरावा पाळून मिळतो. अंडी चिकटलेली अळी जाळीच्या झाकणाच्या बरणीत, तळाशी थोडी ओलसर माती व रोज ताजा पाला घालून ठेवल्यास माशीची अळी, कोष व प्रौढ माशी या क्रमाने छायाचित्रे मिळतात. कोषातून नुकतीच निघालेली माशी फिकट व चुरगळलेल्या पंखांची असते. तिचे अंग कडक होईपर्यंत काही तास थांबावे लागते. रिकामा झालेला कोषही जपून ठेवतात, कारण त्याच्या मागच्या टोकावरील श्वासरंध्रांची रचना ओळखीस मदत करते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील आढळ

या दोन जिल्ह्यांत पर्जन्यमानाचा मोठा उतार आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी व जत या पूर्वेकडील तालुक्यांत तो सुमारे ५०० मिलिमीटरपर्यंत उतरतो. सह्याद्रीची जंगले व सडे, कृष्णा-कोयनेच्या काठचे उसाचे मळे आणि माणदेशी माळराने यांमुळे परोपजीवी माश्यांना यजमानही वेगवेगळे मिळतात.

ऊस : कराड, वाळवा, पलूस व मिरज तालुक्यांत ऊस हे मुख्य पीक आहे. कोवळ्या उसाला खोडकिडीची अळी पोखरते, मधला पोंगा वाळतो आणि ‘पोंगेमर’ दिसते. स्टर्मिऑप्सिस इन्फरेन्स ही टॅकिनिड माशी या अळीची नैसर्गिक शत्रू आहे. मादी किडीच्या छिद्राजवळ जिवंत अळ्या सोडते आणि त्या बोगद्यात शिरून किडीच्या शरीरात प्रवेश करतात. वाळलेला पोंगा उपटून कोंब उभा चिरल्यास आत किडीच्या अवशेषाजवळ पिंपासारखा तपकिरी कोष सापडू शकतो. तो किडीचाच कोष समजून नष्ट केला जाण्याची शक्यता असते. वर दिलेल्या आकाराच्या फरकावरून तो ओळखता येतो. सातारा जिल्ह्यात फलटणजवळ पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र कार्यरत आहे. ते आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

मका : अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली आणि मक्याबरोबर उसावरही आढळली. दक्षिण भारतात या अळीतून मिळालेल्या परोपजीवींत एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स या टॅकिनिड माशीची नोंद आहे.

तूर व हरभरा : घाटे अळीवर भारतात गोनिऑफ्थॅल्मस हॅली, कार्सेलिया इलोटा व पॅलेक्झोरिस्टा लॅक्सा या टॅकिनिड माश्या नोंदल्या गेल्या आहेत. मोठ्या वाढलेल्या घाटे अळ्या गोळा करून पाळल्यास काहींतून पतंगाऐवजी माशीचे कोष मिळतात.

मेंढ्या : जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी आणि माणदेशातील कळप यांना नाकातील अळीचा (ईस्ट्रस ओव्हिस) उपद्रव होऊ शकतो. माशी मेंढीच्या नाकपुडीशी उडत जिवंत अळ्या सोडते. अळ्या नाकाच्या व कपाळाच्या पोकळ्यांत वाढतात, मग शिंकांबरोबर जमिनीवर पडून मातीत कोष करतात. त्रासलेल्या मेंढ्या नाक जमिनीला किंवा एकमेकींच्या लोकरीत खुपसून उभ्या राहतात. प्रौढ माशीला काम देणारे मुखावयव नसतात, त्यामुळे ती फुलांवर सहसा दिसत नाही. ही माशी क्वचित मेंढपाळाच्या डोळ्यातही अळ्या सोडते. असे झाल्यास डोळ्यांच्या डॉक्टरकडून त्या काढून घ्याव्या लागतात.

पठारे : साताऱ्याजवळचे कास पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर असून २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या फुलोऱ्याच्या काळात येथे फुलांबरोबर माश्यांचीही छायाचित्रे घेतली जातात. पठारावर पायवाट सोडून चालल्यास वनस्पती तुडवल्या जातात, म्हणून वाटेच्या कडेच्या फुलांवरच निरीक्षण करणे योग्य ठरते.

तुती आणि उझी माशी

उझी माशी (एक्झोरिस्टा बॉम्बिसिस) ही तुतीच्या रेशीम कीटकाची गंभीर शत्रू आहे. पूर्वी ती पश्चिम बंगालपुरती मर्यादित होती. १९८० मध्ये बेण्याच्या कोषांबरोबर ती कर्नाटकात आली आणि तेथून दक्षिणेकडील रेशीम उत्पादक भागांत पसरली. सातारा व सांगलीतील तुती उत्पादकांना बेणे व बाजारपेठ यांसाठी कर्नाटकाशी संबंध ठेवावा लागत असल्याने तिची ओळख येथे आवश्यक ठरते.

माशी साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर लांब, करडी-काळी व निमुळत्या उदराची असते. ती मुख्यतः चौथ्या व पाचव्या अवस्थेतील रेशीम अळ्यांवर दुधी पांढरी अंडी चिकटवते. दोन ते पाच दिवसांत अंडे फुटून अळी आत शिरते आणि त्या जागी काळा डाग उरतो. लवकर लागण झालेली अळी कोष विणण्यापूर्वीच मरते. उशिरा लागण झालेली कोष विणते, पण माशीची अळी तो कोष पोखरून बाहेर पडते. अशा कोषाचा धागा सलग राहत नाही आणि तो सूत काढण्यास निरुपयोगी ठरतो.

संगोपनगृहातील छायाचित्रांत दोन गफलती वारंवार होतात. पहिली, अळ्यांवर टाकलेल्या चुन्याच्या भुकटीचे कण अंड्यांसारखे दिसतात. अंडे लंबगोल असते व हलक्या ब्रशने निघत नाही, चुना झटकला जातो. दुसरी, पेब्रिन रोगात अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे अनेक बारीक काळे ठिपके उमटतात. उझीचा डाग मोठा व बहुधा एकटा असतो. दोहोंवरील उपाय पूर्णपणे वेगळे असल्याने हा फरक महत्त्वाचा आहे. पेब्रिनची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहूनच केली जाते.

प्रतिबंधासाठी खिडक्या-दारांना नायलॉनची जाळी, प्रवेशाला दुहेरी दार, पडलेल्या माशीच्या अळ्या व कोष गोळा करून नष्ट करणे, अंडी मारणारी भुकटी व द्रावणे आणि सापळे यांचा वापर होतो. नेसोलिन्क्स थायमस हे सूक्ष्म गांधील उझीच्या कोषात अंडी घालते. ते संगोपनगृहात सोडले जाते. परोपजीवीवरचा परोपजीवी असा हा उपाय आहे.

नावांचा गोंधळ

जुन्या भारतीय लेखनात उझी माशीचा उल्लेख ट्रायकोलिगा बॉम्बिसिस आणि एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स या नावांनीही झाला आहे. यांपैकी दुसरे नाव आज लष्करी अळीवरील मित्रमाशीसाठी वापरलेले दिसते. त्यामुळे एखाद्या जुन्या लेखातील ‘सॉर्बिलन्स’ म्हणजे नेमकी कोणती माशी, हे यजमान पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. एक्झोरिस्टा प्रजातीतील जाती छायाचित्रावरून वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून मक्याच्या शेतात टिपलेली माशी व तुतीच्या बागेत टिपलेली माशी यांना केवळ चेहरेपट्टीवरून एकच किंवा भिन्न ठरवणे योग्य नाही.

मर्यादा

चांगल्या छायाचित्रावरून कूळ व कधी कधी प्रजाती कळते. जातीच्या निश्चितीसाठी नमुना अल्कोहोलमध्ये जतन करून नराच्या जननेंद्रियांची रचना, केसांची मांडणी व जनुकीय क्रम तपासावा लागतो. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आणि पुणे येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र या कीटक वर्गीकरणाचे काम करणाऱ्या संस्था आहेत. छायाचित्राखाली ‘टॅकिनिडी, जाती अनिश्चित’ एवढीच नोंद करणे ही उणीव मानली जात नाही. चुकीचे जातिनाव एकदा नोंदले गेले, की ते पुढील नोंदींत उतरत जाते.

जैविक नियंत्रणातील अनुभव

टॅकिनिड माश्यांचा उपयोग जगात शंभरहून अधिक वर्षे होत आहे. फिजी बेटांवर नारळाची पाने खाणाऱ्या लेव्हुआना पतंगाचा १९२५ मध्ये मलायातून आणलेल्या बेसा रेमोटा या माशीने बीमोड केला. याउलट १९०६ मध्ये अमेरिकेत आणलेली कॉम्पसिल्युरा कॉन्सिनाटा ही माशी लक्ष्य असलेल्या पतंगापुरती थांबली नाही. ती तेथील देशी रेशीम पतंगांवरही पडली आणि त्यांची संख्या घटण्याचे एक कारण ठरली. यजमानांची निश्चित माहिती नसताना माशी सोडणे धोक्याचे असते, हा धडा या दोन उदाहरणांतून घेतला जातो.

स्थानिक पातळीवर मात्र माशी बाहेरून आणण्यापेक्षा असलेली टिकवणे अधिक सोपे असते. अळ्यांवर पांढरी अंडी दिसत असताना व्यापक परिणामाचे कीटकनाशक न फवारणे, बांधावर बडीशेप, कोथिंबीर यांसारखी फुले राहू देणे आणि तुतीच्या संगोपनगृहाची जाळी मात्र घट्ट ठेवणे, या तिन्ही गोष्टी एकाच गावात एकाच वेळी करता येतात.

हे सुद्धा पहा

• द्विपंखी कीटक
• मित्रकीटक
• जैविक कीड नियंत्रण
• रेशीम शेती
• कास पठार